गोळीचा खिसा

दसऱ्याच्या आधी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. परगावच्या माणसाला वाटतं, सणाचे कपडे शिवायची गर्दी आहे. कसले सणाचे! केजच्या फाट्यापासून आत आमचं गाव. दसरा-दिवाळी उरकली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, आणि जाण्याआधी आपापले जुने शर्ट माझ्यापुढं आणून टाकतं. उसाचं पान अंगाला कापत जातं, म्हणून तोडायला पूर्ण बाहीचा जाड शर्ट लागतो. बायासुद्धा साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. फाटलेल्या बाह्या जोडायच्या, बटणं लावायची, कॉलर उलटी करायची. आणि एक काम न सांगता करायचं. शर्टाच्या आतून, डाव्या छातीवर, काडेपेटीएवढा खिसा लावायचा. वर झाप, झापेला टिचबटण.

त्याला गावात गोळीचा खिसा म्हणतात. उसाच्या फडात सकाळचं दव असतं, दिवसाचा घाम असतो, बाहेरच्या खिशातलं सगळं भिजून जातं. आतल्या खिशातली गोळी कोरडी राहते. मी गावातल्या सगळ्यांना हा खिसा शिवून दिला. उगाच कुणी माझ्याकडं डोळे वटारून बघू नये. मी टेलर आहे, डॉक्टर नाही.

हा खिसा पहिल्यांदा शिवून घेतला तो शहादेवनं. तो माझा वर्गमित्र. शाळा त्याला मानवली नाही आणि त्यानं शाळेला फार दिवस त्रासही दिला नाही. मिसरूड फुटायच्या आत बापाबरोबर फडात गेला. लग्न झालं, वत्सला आली, आणि दोघांचा मिळून एक कोयता झाला. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाला टोळी जमवणारा मुकादम विचारत नाही. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या बांधायच्या, आणि दोघांनी डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकात चढायचं.

या फळीवर शहादेवचं नाव होतं. तो चढायचा ते दुसऱ्या टोळीचे लोक काम सोडून बघायचे. मान ताठ, हात सोडलेले, तोंडात तंबाखूचा विडा, आणि पाय कसे अंगणात चालल्यासारखे. संक्रांतीनंतर भल्याभल्यांच्या कमरा जातात, गडी सकाळी उठताना आईचं नाव घेतात. शहादेव शिमग्यापर्यंत तसाच्या तसा. लोक विचारायचे, लेका, खातोस काय? तो छातीवरचा तो आतला खिसा दाबायचा आणि हसायचा.

कारखान्यावर तोडकरी राहतात त्या तळाजवळच्या एका औषधाच्या दुकानात ती गोळी मिळायची. नाव-गाव नसलेली कागदाची पुडी, आत एक पांढरी आणि एक गुलाबी गोळी. तळावरचे लोक तिला जोडी म्हणायचे. सकाळी चहाबरोबर जोडी घेतली की कंबर दुखत नाही, भूक सपाटून लागते, अंगात कुणी दुसराच शिरल्यासारखा माणूस कामाला लागतो. शहादेव पुड्यांचा गठ्ठाच आणायचा आणि टोळीत वाटायचा. एखादा पोरगा पाठ धरून बसला की याची हाक ठरलेली. "ये बे इकडं, धर, जोडी घे." लोक त्याला कौतुकानं डॉक्टर म्हणायचे आणि त्याला ते आवडायचं. खिशात जादाच्या पुड्या असायच्या, सकाळची पुडी मात्र वत्सला पदराच्या गाठीत ठेवायची, चहा झाला की गाठ सोडून त्याच्या तळहातावर ठेवायची. ती स्वतः घेत नव्हती. जोडी गड्यांची, असा तिचा समज होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला टोळी गावात परतायची, तेव्हा बाकीचे वाळलेल्या शेंगेसारखे दिसायचे आणि शहादेवचं तोंड गरगरीत. गाल वर आलेले, पोट सुटलेलं, कातडीवर तकाकी. आमच्याकडं अंगावर मूठभर मांस चढलेलं दिसलं की त्याचा अर्थ एकच, बरं चाललंय. "शहादेव सुधारला की!" म्हणत लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. वत्सला त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवायची. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून ओवाळायची आणि चुलीत टाकायची. मिरचीचा ठसका आला नाही की म्हणायची, "बघा, केवढी दृष्ट लागलती." साऱ्या गल्लीची नजर त्या गरगरीत तोंडावर आहे अशी तिची खात्री होती, आणि ती खोटी नव्हती.

मी त्याचं माप दरवर्षी घ्यायचो. कंबर वाढायची, कॉलर वाढायची, आणि दंड मात्र बारीक व्हायचे. मानेच्या मागं, खांद्यांच्या मध्ये, मांसाचा एक उंचवटा आला होता. शर्ट पाठीत चढायचा, म्हणून मी मागचा भाग बोटभर लांब कापायचो. मी त्याला म्हणायचो, "मोळ्या वाहून वाहून तुझ्या पाठीला बैलाचं वशिंड आलंय." तो म्हणायचा, "बैलच हाय बे मी." आम्ही दोघं हसायचो.

भागवत हा त्याचा एकुलता एक मुलगा. त्याची सोयरीक जुळली तेव्हा मनिषाच्या बापानं शहादेवच्या तोंडाकडं बघूनच हो म्हटलं, असं तो स्वतःच लग्नात सांगत होता. खात्यापित्या घराचा माणूस! पुढच्या हंगामात भागवत-मनिषाचा नवा कोयता लागला. पहिल्याच आठवड्यात भागवतची पाठ धरली. बापानं आपल्या पुडीतली जोडी त्याच्या हातावर ठेवली. तीर्थ द्यावं तशी.

मग शहादेवची तहान सुरू झाली. तांब्याच्या तांब्या पाणी प्यायचा आणि तेवढ्याच वेळा बांधाकडं पळायचा. तो बसून गेला की त्या जागी मुंग्या लागायच्या. पायाला उसाचं खोडकं लागून झालेली जखम हंगाम संपला तरी भरेना. केजच्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि शुगर सांगितली. गावाला चेष्टेला विषय मिळाला. "साखर कारखान्याला ऊस घालून घालून शहादेवला साखर झाली." हा विनोद मी निदान शंभरदा ऐकला असेल, आणि दरवेळी सांगणाऱ्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

त्या डॉक्टरनं विचारलं होतं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" शहादेव छाती काढून म्हणाला, "न्हाई. औषध आपल्याला म्हाईतच न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. आमच्या लोकांच्या डोक्यात औषध म्हणजे आजारी माणसानं घ्यायचं ते. जोडी ही कामाची गोष्ट. तंबाखूला कुणी औषध म्हणतं का? चहाला म्हणतं का? मग तिला कसं म्हणायचं? तेव्हा डॉक्टरनं शुगरची गोळी दिली, शहादेवनं एका हातानं ती घेतली आणि दुसऱ्या हातानं जोडी घेतली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. आणखी दोन हंगाम असेच काढले. मध्येच कधी जोडी सोडून बघितली तर अंग गळून जायचं, मळमळायचं, म्हणून पुन्हा सुरू.

शेवटी पाय सुजले. मग तोंड सुजलं, पण ते आधीच गरगरीत, कुणाला कळलंच नाही. जेवण बघितलं तरी ओकारी यायची. भागवत-मनिषा फडात होते. वत्सलानं त्याला गावात भाड्यानं जीप चालवणाऱ्या सटवाच्या गाडीत घातलं आणि बीडला नेलं. बरोबर मी गेलो, कारण वत्सलाला कागद वाचता येत नाहीत. तिथं कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवून घ्यायचं, आणि हे जन्माचं.

तिथली डॉक्टर तरुण बाई होती, बोलायला तुटक. तिनं त्याचं तोंड बघितलं, मानेमागचा उंचवटा दाबला, हातावरचे काळेनिळे डाग बघितले. "कसल्या गोळ्या घेता?" पुन्हा तेच उत्तर, घेत नाही. बाई चिडली नाही. खुर्ची पुढं ओढून म्हणाली, "बरं. ऊस तोडताना पाठ दुखली तर काय करता?"

शहादेव काही बोलायच्या आत वत्सलानं पदराची गाठ सोडली. पुडी उलगडून टेबलावर ठेवली. पांढरी आणि गुलाबी. "ही देते की," ती म्हणाली. "ही काय औषध न्हाई. थकव्याची हाय."

डॉक्टर बाईनं त्या दोन गोळ्या बोटानं वेगळ्या केल्या. मग तिनं सांगितलं. गुलाबी ही स्टेरॉईड, तिनंच साखर वाढवली आणि तिनंच तोंड फुगवलं. ते मांस नव्हतं, सूज होती. पांढरी दुखण्याची, रोज घेऊन, उन्हात कमी पाणी पिऊन, तिनं किडन्यांना मारलं, आणि वर साखरेनं हात धुवून घेतले. "ही साखर तुमच्या रक्तात आपली आपण आली नाही, बाबा. ही आणलेली आहे."

वत्सलाचा हात हवेतच राहिला, गाठ सुटलेला पदर धरून. कितीतरी वर्षं रोज सकाळी तिनंच ती गोळी त्याच्या हातावर ठेवली होती. तिच्या तोंडाकडं मला बघवेना.

शहादेवनं एवढंच विचारलं, "माझा पोरगा बी घेतो. त्याचं कसं?"

"त्याला इथं घेऊन या," बाई म्हणाली. "पण एकदम बंद करायला सांगू नका. शरीराला सवय लागलेली असते. हळूहळू कमी करावी लागते, माझ्या देखरेखीखाली. कळलं का?" शहादेवनं मान हलवली. माझ्यासमोर हलवली. पण बापाच्या डोक्यात एकच बसलं होतं, गोळी म्हणजे विष. त्याच्या पुढचं त्याला काही ऐकूच आलं नाही. आणि मी? मला बाईचं बोलणं नीट ऐकू आलं होतं. पण बाप-लेकाच्या मध्ये बोलायचं कुणी, असं वाटून मी गप्प बसलो.

गावात पोचल्यावर त्यानं माझ्याच दुकानातून भागवतला फोन लावला. माझा फोन जुना, आवाज बाहेर येतो.

"भागवत, जोडी घेतो का बे अजून?"

"घेतो की, दादा. कावून?"

"आजपासून बंद. फेकून दे."

"अन् काम कसं व्हायचं? तुमीच तर दिलती."

"मीच दिलती. मीच सांगतो. माझ्या गळ्याची आन हाय तुला." पलीकडं ट्रकचा आवाज. मग भागवत म्हणाला, "बरं."

भागवत शब्दाचा पक्का. त्याच दिवशी त्यानं पुड्या पाटात फेकल्या. आणि दोन-तीन दिवसांत फडातच कोसळला. ओकाऱ्या, अंग थंड, डोळे वर. मनिषानं हंबरडा फोडला. म्हाळू मुकादम धावत आला, आणि जे त्याला ठाऊक होतं ते त्यानं केलं, जोडी कुटून पाण्यातून पाजली. भागवत उठून बसला. संध्याकाळपर्यंत चहा मागायला लागला.

म्हाळूनं मग फोन केला तो शिव्या घालायलाच. "म्हातारपणी डोकं फिरलं का बे शहादेव? सवताचं पोरगं मारायला निघालास? गोळी व्हती म्हनून वाचलं ते!" ही गोष्ट सगळ्या तळावर झाली. तिथून गावात आली. ज्या गोळीनं बाप मशीनवर गेला, तीच आता पोराला वाचवणारी देवता ठरली. हातच्या कंकणाला आरसा कशाला, लोक म्हणाले, सोडली तर पडला, घेतली तर उठला. याच्यापुढं शहादेवनं कुणाला काय समजावायचं?

डॉक्टर बाईनं ऐकलं आणि या वेळी ती खरंच चिडली. मशीनवर रक्त फिरत होतं आणि ती त्याला पोराला रागवावं तशी रागवत होती. परतीच्या वाटेवर शहादेव माझ्याशेजारी मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "नाथा, दिली तवा बी चुकलो, काढली तवा बी चुकलो." जीप मांजरसुंब्याला थांबली, लोक चहा प्यायला उतरले. त्याला पाणी मोजून प्यायचं होतं. तो खिडकीतून ढाब्यावरच्या माठाकडं बघत राहिला.

त्याच्या डाव्या हातावर मशीनसाठी शीर जोडली होती. तिच्यावर बोट ठेवलं की आतून घरघर लागायची. शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालू असावं तशी. तो माझं बोट धरून तिथं ठेवायचा. "बघ, तुझीच मशीन हाय." तेवढ्यापुरता जुना शहादेव दिसायचा. बाकी माणूस उरला नव्हता. काळा पडला, सतत खाज, तोंडाला घाण वास. आणि डोक्यात एकच, पट्टा कधी पडतो आणि भागवत कधी येतो. पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला.

भागवत आला तेव्हा मी त्यांच्या दारातच होतो. ट्रकमधून उतरला, आणि माझ्या हातातली पानसुपारी तशीच राहिली. गाल गरगरीत. पोट सुटलेलं. कातडीवर तीच तकाकी. समोरचा मोहनराव ओट्यावरून ओरडला, "भागवत सुधारला की रं!"

वत्सला घरातून धावत आली. तिच्या मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या. कितीही सांगितलं तरी आईच्या हाताची सवय जात नाही. लेक परत आला, तोंड भरलेलं आहे, हात आपोआप डब्याकडं गेला. तिनं ओवाळायला हात वर केला आणि आतून शहादेव भिंत धरत धरत आला. त्यानं तिचा हात धरला. मिरच्या अंगणात सांडल्या.

"वत्सले, बघ त्याच्या तोंडाकडं. नीट बघ. हे माझं तोंड हाय."

तिनं बघितलं. मग तिथंच, साऱ्या गल्लीसमोर, खाली बसली.

भागवत बीडला यायला तयार होईना. "मला काय झालंय? सोडली तवा मरत व्हतो, तुमाला म्हाईत हाय." त्याचं चूक तरी कसं म्हणायचं? शहादेवनं वाद घातला नाही. मशीनचा दिवस आला, सटवाची जीप दारात उभी राहिली, आणि हा बाजेवरून उठलाच नाही. "भागवत शेजारी बसला तर जातो. न्हाई तर न्हाई." पहिला वार चुकला. दुसरा चुकला. पाय मांड्यांपर्यंत सुजले, श्वास लागला, आडवं होता येईना. मनिषा सासऱ्याच्या पायाशी बसून रडत होती. "मामा, असं नका करू." तो भिंतीला टेकून बसलेला, तोंड उघडं, डोळे मुलावर. हट्टी होताच तो पहिल्यापासून. पण असला हट्ट मी कुणाचा बघितला नाही. शेवटी भागवतनं बापाला पाठीवर घेतलं, मोळी उचलावी तसं, आणि जीपमध्ये ठेवून स्वतः शेजारी बसला.

भागवतच्या रक्तात साखर निघाली. किडन्या चांगल्या होत्या. डॉक्टर बाईनं गोळी थोडी थोडी कमी करत न्यायची ठरवली, आणि स्पष्ट सांगितलं, हे वर्ष उसाचं नाव काढायचं नाही. अवजड काम नाही, दर थोड्या दिवसांनी तपासणी. शहादेवनं मशीनवर पडल्या पडल्या हे ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. झोपला म्हणून मी चादर सारखी करायला गेलो, तर कानापर्यंत पाणी गेलेलं.

त्या पावसाळ्यात बाप-लेक एका जीपनं जायचे, एकाच जीपनं यायचे. भागवतचं तोंड हळूहळू ओसरलं. लोक म्हणायला लागले, भागवत खंगला. शहादेवला ते ऐकून बरं वाटायचं.

एक दिवस तो मुलाचा हात धरून दुकानात आला. बगलेत दोन शर्ट, एक स्वतःचा, एक भागवतचा. तोडीचे. मागं वत्सला होती. "नाथा, खिसे उसव." मी म्हटलं, नुसती गोळी ठेवू नका म्हणजे झालं, खिशानं काय केलंय? "न्हाई. माझ्यासमोर उसव." मी पात्यानं टाके कापले. झाप, टिचबटण, खिसा, सगळं काढून त्याच्या हातावर ठेवलं. शर्टावर टाक्यांच्या भोकांचा चौकोन तेवढा राहिला. मग त्यानं वत्सलाकडं बघितलं. तिनं न सांगता पदराचं टोक पुढं केलं. गाठ नव्हती. नुसता चुरगळलेला पदर.

"गेली बघ," शहादेव म्हणाला. "घरातून गेली." त्या दिवशी त्यानं माझ्याकडून चहा मागून घेतला. अर्धा कप. तेवढं दिवसाच्या मोजलेल्या पाण्यातून कापून.

पोळ्याच्या आसपास तो गेला. बीडहून परत येताना मांजरसुंब्याला जीप थांबली, भागवत चहा प्यायला उतरला, आणि परत येऊन बघतो तर बाप खिडकीला डोकं टेकून संपलेला. माठाकडंच तोंड होतं, असं सटवा सांगतो. मला ते ऐकायचं नसतं, पण तो दरवेळी सांगतो.

माणूस निवांत गेला, असं मी पुष्कळ जणांना सांगितलं. मलाही तेच वाटत होतं. गोळी घरातून काढायची होती, काढून गेला. बाकी आपल्या हातात काय असतं?

दसरा आला. दुकानात शर्टांचा ढीग लागला. आणि त्यात एक दिवस, गर्दी ओसरल्यावर, वत्सला येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं. हातात शहादेवचा तो शर्ट. त्याचे कपडे वाटून टाकले होते, हा एक तिनं ठेवला होता.

म्हणाली, "मनिषाबरोबर मी चालले. आमा दोघींचा कोयता."

मला आधी कळेना. मग कळलं. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल वापरली गेली होती, म्हाळूला शब्द गेला होता. मुकादमाला एक कोयता हवा होता. भागवत जाऊ शकत नव्हता, आणि मनिषा एकटी म्हणजे कोयता नव्हे. सासू-सुनेचा कोयता चालतो.

"बाह्या आखूड करून द्या. आन्..." तिनं शर्ट उलटा केला आणि टाक्यांच्या भोकांच्या त्या चौकोनावर बोट ठेवलं. "हितं खिसा लावा. व्हता तसा."

मी म्हटलं, "वत्सला, तुला ठाऊक आहे ती गोळी काय करते."

"म्हाईत हाय की. माझ्याएवढं कुनाला म्हाईत हाय?"

"मग?"

"माझं वय बघा, नाथाभाऊ. तरन्या सुनंच्या बरोबरीनं फळी चढायची. संक्रांतीपातूर बी टिकायची न्हाई मी. आन् मी पडले का म्हाळू भागवतलाच बोलवून घेतो." ती शांतपणे सांगत होती, भाजीला काय आणायचं ते सांगावं तशी. "पदराला बांधली तर मनिषा बघंल. ती भागवतला सांगंल. खिसा आतून असला म्हंजी कुनाला दिसत न्हाई. ती गोळी लेकाचं जे करायची ते माझं करू द्या."

मला राग आला. तिचा आला, म्हाळूचा आला, मेलेल्या शहादेवचाही आला. मी शर्ट तिच्या अंगावर फेकला. "मी लावणार नाही. त्यानं माझ्यासमोर उसवून घेतलाय तो." तिनं तो उचलला. शर्टाची घडी घातली, मशीनच्या खाली पडलेली एक चिंधी उचलली आणि गेली. बाह्या तशाच लांब राहिल्या.

दोन दिवसांनी ट्रक निघाला. भांडीकुंडी, सरपण, शेळ्या, आणि वर माणसं. भागवत खाली उभा होता, हडकुळा, बायकोच्या हातात पाण्याची कॅन देत. वत्सला टपाशी बसली होती, अंगात शहादेवचा निळा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. ट्रक हलला तसा तिनं सगळ्यांना हात केला. शर्ट ताणला गेला, आणि डाव्या छातीवर निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा चौकोन दिसला. घरच्या सुईनं घातलेले, वाकडेतिकडे टाके. भागवतही तिकडंच बघत होता. त्याला ते आईनं लावलेलं एखादं ठिगळ वाटलं असावं. तो आईला हात करत राहिला.